दहा हजार दुकानं आणि एक पिनकोड

२०२३ साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. पाठोपाठ २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. राजपत्रात नाव बदलायला एक अधिसूचना पुरते. संगणकात मात्र ते नाव किती ठिकाणी लिहून ठेवलंय, यावर सगळं अवलंबून असतं. एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये जिल्ह्याचं नाव एकाच टेबलात, एकाच ओळीत असेल आणि बाकी सगळीकडे त्या ओळीचा नुसता क्रमांक असेल, तर काम मिनिटभराचं. तेच नाव प्रत्येक दुकानाच्या, प्रत्येक ग्राहकाच्या पत्त्यात अक्षरी उतरवलेलं असेल, तर शोधाशोध सुरू होते. कुठे ते देवनागरीत, कुठे रोमन लिपीत, कुठे नुसतं 'औ'बाद'. सरसकट 'शोधा आणि बदला' करावं तर बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे. त्याचं नाव बदललेलं नाही.

एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली की त्या दोन गोष्टी होतात. त्यांतली एक बदलते, दुसरी राहून जाते, आणि मग खरी कोणती हे सांगायला तिसरा माणूस लागतो. मतदार यादीतल्या दुबार नावांचा ताप आपल्याला ठाऊक आहे. क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये हाच ताप हजारपटीने होतो, कारण तिथे एकाच यंत्रणेत हजारो ग्राहक नांदत असतात.

या धंद्यात ग्राहक-संस्थेला 'टेनंट' म्हणतात, म्हणजे सरळ भाडेकरू. पूर्वी दुकानदार सॉफ्टवेअर विकत घ्यायचा, ते त्याच्या दुकानातल्या संगणकावर चालायचं आणि डेटाही तिथेच राहायचा. आता सॉफ्टवेअर एकच, पुरवठादाराच्या क्लाउडवर चालणारं, आणि दहा हजार दुकानं महिन्याच्या भाड्याने ते वापरतात. यालाच 'मल्टी-टेनंट' रचना म्हणतात. चाळीशी तुलना केली तर चटकन कळतं: जिना एक, पाण्याची टाकी एक, पण प्रत्येक खोलीला आपलं कुलूप. काय सामायिक ठेवायचं आणि कशाला कुलूप लावायचं, हे ठरवणं हीच या रचनेतली खरी कारागिरी आहे.

बिलिंगचं सॉफ्टवेअर घेऊ. प्रत्येक दुकानाला काही याद्या लागतातच. आपल्याकडचे प्रोग्रामर त्यांना 'मास्टर' म्हणतात: पिनकोड मास्टर, राज्यांचा मास्टर, जीएसटीसाठी मालाच्या वर्गवारीचा एचएसएन मास्टर, बँकांच्या आयएफएससी क्रमांकांचा मास्टर, आयटम मास्टर. नवा ग्राहक आला की एक तयार, भरलेला डेटाबेस त्याच्यासाठी कॉपी करायचा, ही सगळ्यात सोपी वाट. दहा ग्राहक असेपर्यंत ती उत्तम चालते. घाईत सुरू झालेली बहुतेक उत्पादनं याच वाटेने जातात आणि त्यात गैर काही नाही.

आता हिशेब मांडू. देशात दीड लाखाहून अधिक टपाल कार्यालयं आहेत. प्रत्येकाची एक ओळ, आणि ओळीत नाव, तालुका, जिल्हा, राज्य, पिनकोड मिळून सुमारे २०० बाइट धरले, तर एक यादी ३ कोटी बाइटची, म्हणजे ३० एमबीची होते. दहा हजार दुकानांना तीच यादी दिली की ३०० जीबी. क्लाउडवर कोणताही डेटा सुरक्षिततेसाठी साधारण तीन प्रतींत ठेवतात, म्हणजे ९०० जीबी. एकाच ठिकाणी ठेवली असती तर तीन प्रती धरूनही ९० एमबी. ही झाली फक्त पिनकोडची गोष्ट.

डिस्क स्वस्त आहे, ९०० जीबीचं काय एवढं, असं म्हणता येईल. डिस्कपुरतं ते खरंही आहे. पण डेटाबेस वेगाने चालतो तो डिस्कवरून नाही, रॅमवरून. वारंवार लागणारी डेटाची पानं तो रॅममध्ये धरून ठेवतो. यादी एक असेल तर तिची पानं एकदाच रॅममध्ये येतात आणि सगळ्या दुकानांना पुरतात. दहा हजार वेगळ्या प्रती असतील तर यंत्राच्या लेखी ती दहा हजार वेगळी पानं. ती एकमेकांना रॅममधून बाहेर ढकलत राहतात आणि सगळ्यांचं बिल निघायला उशीर होतो. शिवाय रोजचा बॅकअप लांबतो, इंडेक्स, म्हणजे शोधसूच्या, फुगतात. सगळ्यात मोठा खर्च मात्र सुरुवातीला सांगितला तोच, दुरुस्तीचा. डेना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या आणि पुढे त्यांच्या शाखांचे आयएफएससी बदलले. यादीची एक प्रत असलेल्यांनी ती एकदा बदलली. दहा हजार प्रती असलेल्यांना दहा हजार वेळा तेच काम करावं लागलं असणार, आणि इतक्या फेऱ्यांत काही प्रती जुन्या राहून जाण्याचा धोका कायम असतो.

या दुखण्याचं पहिलं नीट निदान झालं ते १९७० साली. एडगर कॉड हा इंग्लंडमध्ये जन्मलेला गणिती आयबीएमच्या सॅन होजे इथल्या संशोधनशाळेत काम करत होता. त्या जूनमध्ये त्याने एक निबंध छापला. त्याचा विषय मोठ्या, सामायिक माहितीसाठ्यांची रचना. आज जगभर चालणाऱ्या रिलेशनल डेटाबेसचा पाया या निबंधात आहे. त्याचा दुसरा भाग पुनरावृत्ती आणि सुसंगती यांवरच आहे, म्हणजे या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत हे त्याला पहिल्याच दिवसापासून दिसत होतं. पुढे त्याने 'नॉर्मलायझेशन'चे नियम घालून दिले. त्यांचा सारांश असा, की प्रत्येक तथ्य एका जागी लिहा आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे बोट दाखवा. ग्राहकाच्या ओळीत जिल्ह्याचं नाव नको, जिल्ह्याचा क्रमांक हवा. कॉडला १९८१ साली ट्युरिंग पारितोषिक मिळालं.

पण कॉडचे नियम एका डेटाबेसच्या आत लागू पडतात. मल्टी-टेनंट यंत्रणेत पुनरावृत्ती होते ती भिंतींच्या पलीकडे. प्रत्येक दुकानाचा डेटाबेस आतून अगदी नीटनेटका असेल, त्यात जिल्ह्याचं नाव एकदाच असेल, तरी असे दहा हजार नीटनेटके डेटाबेस शेजारी शेजारी उभे असतात.

यावर तीन मांडण्या रूढ आहेत. पहिलीत प्रत्येक भाडेकरूला स्वतंत्र डेटाबेस, दुसरीत डेटाबेस एक पण आत प्रत्येकाचे स्वतंत्र टेबलांचे संच, आणि तिसरीत टेबलंही सगळ्यांची एकच, फक्त प्रत्येक ओळीवर मालकाचा क्रमांक. पहिलीत भिंती भक्कम आणि पुनरावृत्ती सर्वाधिक. तिसरीत पुनरावृत्ती किमान, पण भिंत म्हणजे काय, तर प्रत्येक क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नात, लिहिलेली 'फक्त या मालकाच्या ओळी दाखव' ही एक अट. प्रोग्रामर ती अट एकदा लिहायला विसरला, की एका दुकानाची उधारी दुसऱ्याच्या पडद्यावर. म्हणून पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसने ९.५ या आवृत्तीत, २०१६ च्या जानेवारीत, ओळीच्या पातळीवरची सुरक्षा आणली. अट आता प्रोग्रामरच्या स्मरणशक्तीवर नाही, डेटाबेसच्या अंमलात राहते. मला विचाराल तर सामायिक टेबल वापरणाऱ्या कोणीही ही सोय चालू केल्याशिवाय एकही ग्राहक घेऊ नये.

तिसऱ्या मांडणीचं सगळ्यात धाडसी उदाहरण सेल्सफोर्सचं. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या या कंपनीने २००९ साली आपली रचना एका शोधनिबंधात उघड केली. प्रत्येक ग्राहकाला आपापले रकाने हवे असतात. कोणाला 'वाहन क्रमांक', तर कोणाला 'रक्तगट'. त्यासाठी प्रत्येकाची वेगळी टेबलं बनवली तर लाखो टेबलं होतात. त्यांनी केलं ते असं: डेटाचं एक महाकाय टेबल, आणि त्यात मूल्य ० ते मूल्य ५०० असे बिननावाचे ५०१ रकाने. एका ग्राहकाच्या लेखी तिसरा रकाना म्हणजे वाहन क्रमांक, दुसऱ्याच्या लेखी रक्तगट. कोणाचा रकाना कशाचा, हे वेगळ्या टेबलांत लिहिलेलं. म्हणजे सामायिक काय, तर सांगाडा. वेगळं काय, तर त्या सांगाड्याचा अर्थ आणि त्यातली माणसं.

ओरॅकलने उलट दिशेने वाट काढली. त्यांच्या प्रत्येक डेटाबेसमध्ये स्वतःचा कारभार चालवणारी हजारो अंतर्गत टेबलं आणि प्रोग्राम असतात. कंपनीत शंभर डेटाबेस असले की तो पसारा शंभर वेळा. २०१३ च्या १२सी आवृत्तीत त्यांनी एक मूळ डेटाबेस ठेवला आणि बाकीचे त्यात 'प्लग' करता येतील असे केले. कारभाराचा पसारा मुळाशी एकदाच, आणि प्रत्येक प्लग केलेल्या डेटाबेसमध्ये त्याकडे जाणारे नुसते दुवे. पुढच्या १२.२ आवृत्तीत हीच सोय ग्राहकांच्या स्वतःच्या टेबलांनाही मिळाली. तिथे एक प्रकार फार शहाणपणाचा आहे: सामायिक ओळी मुळाशी आणि त्याच टेबलात प्रत्येक भाडेकरूला आपल्यापुरत्या जादा ओळी घालायची मुभा.

तो शहाणपणाचा का, हे आयटम मास्टरवरून कळतं. भारतात नोंदवलेल्या उत्पादनाचा बारकोड सहसा ८९० ने सुरू होतो. एकाच साबणाच्या वडीचा बारकोड कुडाळात तोच, नांदेडात तोच. तिचं नाव, वजन, एचएसएन क्रमांक सगळीकडे सारखं. पण विक्रीची किंमत दुकानाची, शिल्लक दुकानाची, आणि कोणी तिला 'लाल साबण' म्हणून शोधत असेल तर ते टोपणनावही त्या दुकानाचं. म्हणून वह्या दोन ठेवायच्या. सामायिक वहीत उत्पादनाची ओळख, दुकानाच्या छोट्या वहीत फक्त त्याचे फरक. बिल करताना यंत्र आधी दुकानाची वही पाहतं, तिथे काही लिहिलेलं नसेल तर सामायिक वहीत जातं. सामायिक वही भाडेकरूला फक्त वाचता यावी, खोडता येऊ नये. आणि एखाद्या दुकानदाराने नवा माल आपल्याकडे नोंदवला, तर तो आपोआप सगळ्यांच्या यादीत जाऊ नये. कोण काय विकायला लागलंय, ही शेजाऱ्याला कळायची गोष्ट नव्हे.

आता या विषयातली सगळ्यात मोठी चूक. जे सारखं दिसतं ते सारं दुबार नसतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास गेले, ५ आणि १८ हे मुख्य राहिले. अंगाचा साबण, टूथपेस्ट, शाम्पू १८ वरून ५ टक्क्यांवर आले. दरांचा मास्टर एकच असेल तर तो मध्यरात्री एकदा बदलला की दहा हजार दुकानं सकाळी नव्या दराने उघडतात. इथपर्यंत कॉडचं ऐकलंच पाहिजे. पण त्याच उत्साहात कोणी बिलाच्या ओळीतला दरही काढून टाकला, 'मास्टरमध्ये आहेच की' म्हणून, तर २१ सप्टेंबरची साबणाची सगळी बिलं २२ तारखेला पाच टक्क्यांची दिसू लागतील. तो मोठा अनर्थ ठरेल. बिलावरचा १८ हा आकडा मास्टरमधल्या १८ ची प्रत नाही. मास्टर सांगतो, आज दर काय आहे. बिल सांगतं, त्या दिवशी काय आकारलं. ही दोन वेगळी तथ्यं आहेत, काही काळ त्यांचा आकडा सारखा होता इतकंच. एकतर दर बिलावर लिहून ठेवा, नाहीतर मास्टरमध्ये प्रत्येक दराला 'कधीपासून, कधीपर्यंत' अशा तारखा लावा. तारखा लावणं जास्त चांगलं. छापलेल्या कागदाशी जुळावं म्हणून बिलावरही लिहावं. त्या काही बाइटची बचत करण्यात शहाणपण नाही.

दुसरी अशीच जागा म्हणजे माणसं. एकच मोबाइल नंबर किराणा दुकानाच्या ग्राहक यादीत आहे, औषधाच्या दुकानाच्या यादीत आहे आणि एखाद्या दवाखान्याच्याही. सॉफ्टवेअर एकाच पुरवठादाराचं. तंत्राच्या नजरेने पाहिलं तर ही दुबार नोंद आहे: एक व्यक्ती, एक ओळ, तिघांचे तिच्याकडे दुवे. हे कधीही करू नये. त्या माणसाने आपला नंबर तिघांना तीन वेगळ्या कामांसाठी दिला आहे. एका ठिकाणी त्याने पत्ता बदलला आणि तो बाकी दोन ठिकाणी आपोआप बदललेला दिसला, तर किराणा दुकानदाराला न सांगता कळलं की हा कुठेतरी आणखी जातो. पिनकोडवर कोणा भाडेकरूची मालकी नाही, म्हणून तो सामायिक. ग्राहकाची नोंद त्या त्या नात्याची, म्हणून ती वेगळीच राहिली पाहिजे, अक्षर न् अक्षर सारखी असली तरी.

आतापर्यंत सांगितली ती बचत माणसाने विचार करून केलेली. यंत्राने आपणहून करायचीही एक रीत आहे, 'डिडुप्लिकेशन'. डेटाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचा गणिती ठसा काढायचा, आणि ठसा आधी पाहिलेला असेल तर तुकडा पुन्हा न साठवता जुन्याचा पत्ता लिहायचा. २००२ साली बेल लॅब्समधल्या क्विनलन आणि डॉरवर्ड यांनी 'व्हेंटी' ही साठवण याच तत्त्वावर बांधली. तिथे तुकड्याचा ठसा हाच त्याचा पत्ता. ठसा काढायला त्यांनी एसएचए-१ ही पद्धत वापरली होती. २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅममधल्या संशोधकांनी तिच्यात एकाच ठशाच्या दोन वेगळ्या फाइल बनवून दाखवल्या. आता नव्या कामाला एसएचए-२५६ वापरतात.

बॅकअपवर ही रीत जादूसारखी चालते, कारण कालचा आणि आजचा बॅकअप बहुतांशी एकच असतो. चालत्या डेटाबेसवर तिचा प्रभाव बराच कमी. डेटाबेस आपल्या ओळी ठरावीक मापाच्या पानांत ठेवतो. पोस्टग्रेसचं पान ८ किलोबाइटचं. प्रत्येक पानाच्या डोक्यावर त्यात शेवटचा बदल कधी झाला याची खूण असते. दोन दुकानांची पिनकोडची पानं आतून सारखी असली तरी ही खूण सहसा वेगळी, म्हणून पूर्ण पानाचा ठसाही वेगळा. एखाद्याने त्या पानात एक ओळ घातली किंवा बदलली की पूर्ण पानाचा ठसा बदलतो, आणि यंत्राला ते पान अनोळखी होतं.

आपल्या लिपीत तर आणखी एक गाठ आहे. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्र आहे, पण २००८ पर्यंत ते नव्हतं. तोवर लोक 'अ' वर चंद्र देऊन ते लिहीत, कोणी मधे न दिसणारं जोडचिन्ह घालून, कोणी न घालता. पडद्यावर सारखाच दिसणारा 'ॲड.' आत तीन प्रकारे लिहिलेला असू शकतो. युनिकोडचे ठरलेले एकरूपतेचे नियम लावले तरी ही रूपं एक होत नाहीत. कऱ्हाडचंही तेच. काही जण त्यातला 'ऱ' स्वतंत्र अक्षर म्हणून टाइप करतात, काही 'र' ला जोडचिन्ह देऊन, आणि बरेच सरळ 'कराड' लिहितात. डोळ्यांना एकच गाव, यंत्राला तीन. मराठी नावांवर काम करणाऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरने दुबार शोधण्याआधी ही रूपं स्वतः नियम लिहून एक केली पाहिजेत. तयार परदेशी साधन हे करून देईल अशी अपेक्षा ठेवू नये.

यावरचा खरा उपाय मात्र संगणक घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी आपल्या टपाल खात्याने केला. सारख्या नावांची गावं, वेगवेगळ्या लिप्या आणि चुकीची स्पेलिंगं यांमुळे पत्रं भरकटत. केंद्राच्या दळणवळण मंत्रालयातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी सहा अंकी पिनकोडची रचना केली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाली. पाकिटावर ४१५११० लिहिलं की कराड, कऱ्हाड, रोमन लिपी, सगळं एका जागी येतं. नाव कसंही लिहा, ओळख एका क्रमांकात. डेटाबेसमधल्या प्रत्येक 'मास्टर'ची किल्ली हेच काम करते.

क्रमांकाची हीच युक्ती यंत्र आतल्या आतही वापरतं. विश्लेषणासाठीचे डेटाबेस ओळीऐवजी रकान्याने साठवतात आणि रकान्यातल्या शब्दांचा छोटा कोश करतात. 'महाराष्ट्र' या शब्दात युनिकोडची दहा चिन्हं, प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे ३० बाइट. एक कोटी ओळींत तो अक्षरी लिहिला तर ३० कोटी बाइट. राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश मिळून ३६ आहेत, म्हणजे त्यांतल्या कोणाचाही क्रमांक एका बाइटमध्ये आरामात बसतो: एक कोटी बाइट, वर छोटासा कोश. देवनागरीला ही बचत रोमनपेक्षा जास्त फळते. पोस्टग्रेसनेही २०२० च्या १३ व्या आवृत्तीत इंडेक्समधल्या सारख्या किल्ल्या एकदाच लिहायला सुरुवात केली. हजारो ओळींवर एकाच मालकाचा क्रमांक असलेल्या सामायिक टेबलांच्या इंडेक्सना त्याचा चांगला उपयोग होतो.

आणखी एक रीत फार देखणी आहे: प्रत मागितली तरी प्रत करायची नाही. स्नोफ्लेक या क्लाउड डेटाबेसमध्ये डेटा न बदलणाऱ्या छोट्या तुकड्यांत ठेवतात. पूर्ण टेबलाची नक्कल मागितली की फक्त तुकड्यांच्या पत्त्यांची यादी उतरवली जाते. मूळ आणि नक्कल दोन्ही त्याच तुकड्यांकडे पाहतात. कोणी काही बदललं तर तेवढाच तुकडा नवा लिहिला जातो. चाचणीसाठी रोज पूर्ण डेटाबेस कॉपी करणाऱ्यांची यात मोठी बचत होते.

मग सगळंच यंत्रावर सोडून सगळ्या भाडेकरूंचे सारखे तुकडे एकत्र का करू नयेत? कारण एकत्र केल्याची खूण बाहेर दिसते. २०१० साली हार्निक, पिंकस आणि शुलमन-पेलेग या संशोधकांनी दाखवलं, की क्लाउड साठवण सगळ्या वापरकर्त्यांमध्ये मिळून दुबार फाइल टाळत असेल, तर कोणीही एक फाइल पाठवून पाहू शकतो. ती चटकन, न पाठवताच 'पोचली', तर ती आधीच कोणाकडे तरी आहे. ठरावीक नमुन्याचं पगारपत्र घ्या, त्यात सहकाऱ्याचं नाव आणि एकामागून एक आकडे टाकत जा. ज्या आकड्याला यंत्र 'आहे' म्हणेल, तो त्याचा पगार. रॅमचंही तसंच. एका यंत्रावर अनेक आभासी संगणक चालवणाऱ्या व्हीएमवेअर कंपनीने त्या संगणकांची रॅममधली सारखी पानं एक करण्याची सोय वर्षानुवर्षं दिली होती. शेजाऱ्याच्या गुप्त किल्ल्यांचा अंदाज त्यातून काढता येतो असं संशोधनात दिसल्यावर २०१४ मध्ये कंपनीने ती मुळात बंदच ठेवायचं ठरवलं.

प्रत्येक भाडेकरूचा डेटा त्याच्या वेगळ्या किल्लीने कुलूपबंद केला, तर हा धोका जातो आणि यंत्राची ही बचतही जाते, कारण सारखा मजकूर दोन किल्ल्यांनी दोन वेगळी रूपं घेतो. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी मजकुरातूनच किल्ली काढण्याची युक्ती सुचवली, म्हणजे सारख्या मजकुराला सारखी किल्ली. पण जो मजकूर अंदाजाने ओळखता येतो, त्याचं गुपित त्यातही राहत नाही. माझं मत स्पष्ट आहे: खासगी डेटावर भिंतीपलीकडची आपोआप बचत नको. सामायिक काय, हे माणसाने ठरवून सामायिक ठेवावं, आणि बाकीच्याची पुनरावृत्ती आनंदाने सोसावी.

काही पुनरावृत्ती तर जपूनच ठेवायची असते. ॲमेझॉनचा ऑरोरा डेटाबेस प्रत्येक नोंद तीन वेगळ्या केंद्रांत मिळून सहा जागी पाठवतो, आणि चार जागांवरून पोच आली की लिहिलं असं मानतो. एक पूर्ण केंद्र बंद पडलं तरी काम चालू राहतं. इथेही त्यांनी काटकसर केली आहे. बदलांची नोंदवही सहाही जागी असते, पण पूर्ण पानं त्यांतल्या तीनच जागी. त्या सहा प्रती यंत्रच एकमेकींशी जुळवून ठेवतं. पिनकोडच्या दहा हजार प्रतींना असा कोणी वाली नसतो.

प्रतींचा प्रश्न आता ग्राहकाच्या हक्कांपर्यंत पोचला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती दुरुस्त करून घेण्याची आणि काम संपल्यावर पुसून घेण्याची तरतूद आहे. पुसायचं तर आधी प्रती कुठे कुठे आहेत ते ठाऊक हवं: चालू टेबल, चाचणीसाठी काढलेली नक्कल, विश्लेषणाचा साठा, मागच्या महिन्याचा बॅकअप, कोणीतरी काढून ठेवलेली एक्सेल फाइल.

तुमचं दुकान, दवाखाना, पतसंस्था किंवा गृहनिर्माण सोसायटी क्लाउडवरच्या सॉफ्टवेअरवर चालत असेल, तर पुरवठादाराला दोन प्रश्न लेखी विचारा. आमच्या सभासदांच्या आणि ग्राहकांच्या नोंदींच्या प्रती कुठे कुठे आहेत आणि त्या किती दिवस राहतात? आणि उद्या एखाद्या जिल्ह्याचं नाव किंवा जीएसटीचा दर बदलला, तर तुम्हाला तो किती ठिकाणी बदलावा लागेल? दोन्हींची उत्तरं हातात आल्यावरच पुढच्या वर्षीच्या करारावर सही करा.